परतीची नळी

मिस्तरी पाना कधी कुणाच्या हातात देत नसत. तो जमिनीवर ठेवत आणि मेंदी लावलेल्या दाढीने त्याच्याकडे बोट दाखवल्यासारखं करत. आपण उचलायचा. त्यांना काही द्यायचं असलं तर आपणही जमिनीवर ठेवायचं, मग ते वाकून घेणार. हातात हत्यार दिलं की देणाऱ्या-घेणाऱ्याचं भांडण होतं, असं ते सांगत. माझी आई मिठाबद्दल असंच म्हणायची, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. एवढा मोठा कारागीर, थोडा लहरी असायचाच, अशी आम्ही सगळ्यांनी समजूत करून घेतली होती.

साठच्या दशकाच्या शेवटची ही गोष्ट. शहाद्याहून प्रकाशाला जाणाऱ्या रस्त्यावर एका ठेकेदाराचं यार्ड होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी मातीचे बांध घालायची कामं त्याच्याकडे होती आणि त्यासाठी ट्रॅक्टर, रोलर आणि एक परदेशी बुलडोझर. यार्डात मिस्तरी एकच, तेच. आम्ही बाकीचे फिटर. मी प्रकाशा गावच्या गुजर शेतकऱ्याचा धाकटा मुलगा. घरी केळी होती, ऊस होता, थोरला भाऊ होता. माझं मन मात्र मोटेपेक्षा तिच्या जागी आलेल्या इंजिनात जास्त रमायचं, म्हणून मी बाविसाव्या वर्षी अंगाला ग्रीस लावून घेतलं. मिस्तरी मला पाटील म्हणत. त्यात मान कमी आणि चिमटा जास्त असे. एखादा पार्ट मी जरा धसकन उचलला की ते लांबून म्हणत, "हाऊ ऊसना भारा नही शे, पाटील. हात जरा नरम ठेव." सगळं यार्ड हसायचं. मी त्यांना चाचा म्हणायचो.

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांना नाल ठोकायचं काम होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांच्या आजोबांची, मग वडिलांची भट्टी लागायची. मिस्तरी स्वतः मोटारीकडे वळले, पण घोडा त्यांच्या डोक्यातून गेला नाही. कुठल्याही मशीनजवळ ते डाव्या खांद्याच्या बाजूने जात, आधी बॉनेटवर थाप मारत, तोंडाने टकटक आवाज काढत. धुराड्याच्या बाजूला कुणी पाठ करून उभं राहिलं तर ओरडत, कारण ती त्यांच्या मते लाथेची बाजू. हातोड्याने ठोकलेल्या इंजिनाला ते एक दिवस हात लावत नसत. जनावर रुसलेलं असतं म्हणत. वडिलांच्या एका घोडीची गोष्ट ते नेहमी सांगत. तिला तबेल्याची कडी काढता यायची, ती रात्री तापी ओलांडून माहेरच्या गावी जायची आणि उजाडायच्या आत परत येऊन कडी लावून घ्यायची. कडी लावण्यावर कुणी शंका घेतली की ते दुखावत. तापी ओलांडण्यावर कुणी शंका घेत नसे, याचं मला आता नवल वाटतं.

नटवेपणा भरपूर होता. कानात अत्तराचा फाया. पांढराशुभ्र पूर्ण बाह्यांचा सदरा, मनगटापाशी बटणं घट्ट लावलेली. वैशाखात आम्ही बनियनवर काम करायचो तेव्हाही त्यांची बाही वर चढली नाही. त्यांच्यासारखं तेलाच्या कामात स्वच्छ राहणं आम्हाला जमत नाही म्हणून आम्ही मनातून जळत असू. आमच्या डब्यात ते कधी हात घालत नसत. आग्रह केला तर केळीच्या पानावर वेगळं वाढून घेत आणि जरा दूर बसून जेवत. हे घमेंडीचं आहे असं मला वाटे. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "आम्ही नालबंद लोके. घोडा भी आपला दाणा एकला खास." आणि हसले.

पण खरा तमाशा चहाचा. यार्डाच्या फाटकाशी चहाची टपरी होती. टपरीवाला पातेल्यातला उकळता चहा थेट काचेच्या पेल्यात ओतायचा आणि आम्ही तो पेला गळ्यातल्या फडक्याने धरायचो. मिस्तरी सबंध मूठ पेल्याभोवती वळवत आणि दोन घोटांत चहा संपवत. बिडी पेटवायला चुलीतला निखारा बोटांनी उचलत, आरामात, गप्पा मारता मारता. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघड्या हाताने फिरवत. नवीन ऑपरेटर आला की आम्ही त्याला मुद्दाम हे बघायला बोलवायचो. मिस्तरींनाही ते आवडायचं. भट्टीपुढे वाढलेला हात आहे, म्हणायचे, याला काय होतं.

आणि ते डोळे मिटून काम करत. इंजिनाच्या कोनाकपाऱ्यात, जिथे दिवा ठेवला तर हात जात नाही आणि हात घातला तर दिसत नाही, तिथे ते गुडघ्याखाली एक फळी घेऊन बसत. वडिलांचं नाल ठोकताना मांडीवर घ्यायचं जाड चामडं त्यांनी त्या फळीवर खिळे मारून बसवलं होतं. फळीवर बसायचं, डोळे मिटायचे आणि हात आत सोडायचा. हे ते यात्रेत शिकले होते. जाणकार गिऱ्हाईक घोड्याच्या पायावरून डोळे मिटून हात फिरवतं. डोळ्याला न दिसलेली सूज तळहाताला कळते. नंतर ते हात बाहेर काढत आणि निकाल देत. तो निकाल शेवटचा.

बुलडोझरच्या इंजिनावर टर्बोचार्जर होता. हा शब्द यार्डात कुणाच्या तोंडात बसला नाही. गोल वळलेला, एका बाजूला तोंड उघडं, म्हणून आम्ही त्याला शंख म्हणायचो. धुराड्याकडे जाणाऱ्या जळक्या हवेवर त्याच्यातलं चाक फिरायचं आणि त्या जोरावर तो बाहेरची हवा इंजिनात कोंबायचा. त्या चाकाच्या दांड्याला सतत तेल लागतं. वरून एक बारीक नळी तेल आणते, खालून एक जाड नळी ते परत इंजिनाच्या पोटात सोडते. ती खालची परतीची नळी हादऱ्यांनी चिरली. मुंबईहून नवी यायची तर बांधाचं काम थांबलं असतं. ठेकेदाराचा मुकादम मिस्तरींच्या मागे लागला आणि मिस्तरींनी काम माझ्यावर टाकलं. मला फार अभिमान वाटला. अलीकडे बारीक कामं ते माझ्यावरच टाकतात, याचा अर्थ ते मला तयार करत आहेत, असं मी धरून चाललो होतो.

जागा अतिशय अडचणीची होती. एका अंगाला स्टार्टर, दुसऱ्या अंगाला चेसीस, आणि नळीच्या सरळ वाटेत ठेकेदाराने मागाहून बसवलेल्या, ओझं ओढायच्या विंचाची लोखंडी बैठक. मनगट आत गेलं की वळत नव्हतं. मी तीनदा कोपर सोलून घेतलं. शेवटी बैठकीच्या खालून नळी नेली. शंखापासून खाली, बैठकीच्या खालून पुढे आणि मग जरा वर चढवून इंजिनाच्या भोकाला जोडली. मला यात काही चुकलं असं वाटलंच नाही. आमच्या मळ्यात बैलगाडीच्या वाटेखालून पाण्याचा पाइप असाच गेला होता. वाटेच्या अलीकडे पाणी खाली उतरतं, वाटेखालून जातं आणि पलीकडे आपोआप वर येऊन पाटाला लागतं. लहानपणापासून मी त्या पलीकडच्या तोंडाशी बसून वर येणारं पाणी पाहिलं होतं. पाणी चढतं तर तेल का नाही चढणार?

मिस्तरी फळी घेऊन बसले. डोळे मिटले. हात आत सोडला आणि नळीवरून वरून खालपर्यंत फिरवला. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. बैठकीखाली नळीला जे पोट आलं होतं, नेमकं तिथे त्यांची बोटं गेलेली मी पाहिली. ती पुढे सरकली. ते म्हणाले, "घोडाना पाय शे. सरळ." मला वाटलं, चढ त्यांनाही चालतो.

दुपारी मशीन सुरू केलं. हवेची गाळणी अजून चढवली नव्हती, शंखाचं तोंड उघडंच होतं. थोडा वेळ सगळं ठीक चाललं. मग धुराड्यातून निळा धूर आला, आधी धाग्यासारखा, मग कापसाच्या गठ्ठ्यासारखा. ऑपरेटरने वेगाचा दांडा मागे घेतला. वेग कमी झाला नाही. त्याने डिझेल बंद केलं. इंजिन थांबलं नाही.

ज्याने ते ऐकलं नाही त्याला हे सांगून कळणार नाही. डिझेल बंद आहे, ऑपरेटर दांडा दोन्ही हातांनी मागे ओढून धरून आहे, आणि इंजिनाचा आवाज वर वर चढतो आहे. नळीच्या पोटात तेल तुंबलं होतं. परत जायला वाट नाही म्हणून ते शंखातून हवेबरोबर इंजिनात शिरलं होतं आणि इंजिन आता स्वतःचंच तेल जाळत पळत होतं. हे सगळं मला नंतर समजलं. तेव्हा फक्त एवढंच दिसलं की पत्रे थरथरताहेत, निळा अंधार पसरतो आहे, आणि ऑपरेटर उडी मारून पळाला आहे. आम्ही सगळेच पळालो. मीही पळालो. टपरीच्या भिंतीआड जाऊन वळून पाहिलं.

मिस्तरी मशीनकडे चालत होते. डाव्या खांद्याच्या बाजूने. थाप मारली असावी असं मला वाटतं, पण ते मी खात्रीने सांगू शकत नाही. त्यांनी खालची फळी उचलली, ट्रॅकवर पाय दिला, डाव्या हाताने कशाला तरी धरून तोल सावरला आणि उजव्या हाताने फळीची चामड्याची बाजू शंखाच्या तोंडावर दाबली. इंजिनाने ती ओढून घेतली. एक कोंडल्यासारखा आवाज झाला, दोन हिसके, आणि मशीन मेलं.

इतकं शांत झालं की तारेवरचे कावळे परत येऊन बसल्याचं ऐकू आलं. मी धावत गेलो. मिस्तरी अजून तसेच उभे होते, दम खात, चेहऱ्यावर हसू. माझ्याकडे बघून काहीतरी चेष्टेचं बोलणार होते. तेवढ्यात मला वास आला. त्यांचा डावा हात धुराड्याच्या कोपरासारख्या वळणावर होता. बेफाम पळालेल्या इंजिनाने तापून काळपट लाल झालेल्या लोखंडावर पूर्ण तळहात टेकलेला होता आणि ते त्याच्यावर भार देऊन उभे होते.

मी ओरडलो. "चाचा, हात काढा! हात भाजी ऱ्हायना तुमना! तुमले समजत नही का?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलं. मग सावकाश हात उचलला. तळहाताचं काय झालं होतं ते मी लिहिणार नाही. त्यांच्या तोंडातून आवाज निघाला नाही, कपाळाला आठी पडली नाही. बाही वर सरकली होती. मनगटाच्या वर फिकट, कोरडे चट्टे होते, एक रुपयाएवढा, एक विड्याच्या पानाएवढा. उजव्या हाताने त्यांनी बाही खाली ओढली आणि बटण शोधलं. त्या हाताला बटण सापडेना. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तोवर सगळे गोळा झाले होते आणि सगळ्यांनी ऐकलं होतं. माझ्या शब्दांत काळजी होती, घाबरलेपण होतं, दुसरं काही नव्हतं, हे मी आजवर स्वतःला हजारदा सांगितलं आहे. पण भाजतं आहे हे समजत नाही असा माणूस म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. चहाचा पेला, बिडीचा निखारा, रेडिएटरचं झाकण हे सगळं एका क्षणात प्रत्येकाच्या डोळ्यांपुढून गेलेलं मी बघितलं. रोलरचा म्हातारा ऑपरेटर पुटपुटला, "रक्तपिती." महारोगाला आमच्याकडे हाच शब्द. आणि सगळे एकेक पाऊल मागे गेले. मीही गेलो. ठरवून नाही. पाय गेला.

नळीची चूक माझी होती, हे मी त्याच संध्याकाळी मुकादमाला सांगितलं. मिस्तरी मध्ये पडून म्हणाले की नळी त्यांनी तपासली, चूक त्यांची. आम्ही दोघं त्यावर चक्क भांडलो. त्या चुकीचा मला आज भार वाटत नाही. लोखंडाची चूक लोखंडात दुरुस्त होते. माझ्या मनावर आहे ते एक वाक्य, आणि तेही खरं वाक्य.

हळूहळू एकेक गोष्ट मला उलगडत गेली आणि प्रत्येक वेळी नव्याने धक्का बसला. त्यांना माहीत होतं. किती वर्षं, ते मी कधी विचारलं नाही, पण माहीत होतं. पाना जमिनीवर ठेवायचा तो त्यासाठी. केळीचं पान त्यासाठी. भांडण, घमेंड, घोडा एकटा दाणा खातो, हे सगळं आमच्या आणि त्यांच्या हातांमध्ये त्यांनी घातलेलं कुंपण होतं, आणि आम्ही त्याला स्वभाव म्हणत होतो. बारीक कामं ते माझ्यावर टाकत ती मला तयार करण्यासाठी नव्हे. त्यांच्या बोटांना आता बारीक काही लागतच नव्हतं. नळीचं पोट त्यांच्या बोटांखालून गेलं आणि त्यांना ते लागलं नाही. डोळे मिटून सगळं ओळखणाऱ्या त्या हाताची जी ख्याती होती, तिच्याच जोरावर ते रोज अंदाजाने निकाल देत होते आणि यार्ड ते मानत होतं. आणि मला हेही आता माहीत आहे की तेव्हासुद्धा या आजारावर गोळ्या होत्या, आणि पाना हातात दिल्याने तो असा कुणाला होत नाही. आमच्यापैकी कुणाला ते माहीत नव्हतं. त्यांनाही नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. हाताला फडकं बांधलेलं, सदरा धुतलेला, अत्तर होतं. येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. ते नेहमीसारखे टपरीवर गेले. टपरीवाल्याने एक कानतुटका कप भिंतीवर ठेवला आणि वरून, हात लांब करून, त्यात चहा ओतला. मिस्तरींनी कपाकडे पाहिलं. मग खांद्यावरचं फडकं काढलं, कप त्यात धरला आणि फुंकर मारून मारून, आम्ही प्यायचो तसा, हळूहळू प्यायले. त्यांना असं पिताना मी पहिल्यांदा पाहिलं. बघणाऱ्यांपैकी कुणी हसलं नाही. कप त्यांनी स्वतः धुतला आणि जाताना बरोबर घेऊन गेले.

मुकादमाने त्यांना फाटकाच्या आत येऊ नका असं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याने हात जोडून सांगितलं. मिस्तरी म्हणाले, नळी माझी बिघडली आहे, ती सरळ करून जातो, मशीनला हात लावत नाही. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, त्यांच्याशिवाय मला ते जमणार नाही. ते खरंही होतं. मुकादम फाटकातून बाजूला झाला.

मशीनपासून दहा-बारा पावलांवर एक रिकामा ड्रम होता. ते त्याच्यावर बसले. फळी त्यांनी मशीनपाशी ठेवली होती, माझ्यासाठी. सारंगखेड्याची यात्रा नुकतीच उठली होती आणि सकाळी चांगली थंडी होती. मी नळी काढली. त्यांनी ती लांबूनच पाहिली आणि मान हलवली. मी त्यांना मळ्यातल्या पाइपाचं सांगितलं, वाटेखालून पलीकडे चढणाऱ्या पाण्याचं. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत.

"पाटनं पानी भरीसन वाहस," ते म्हणाले. "मागून रेटा ऱ्हास, म्हणून चढस. आठे तेल वर जास ते रेटा खाईसन. परत येस ते दमी जायेल, फेस व्हयेल, एकलं. त्याले कोनी रेटत नही. त्याले चढाव दखाडू नको."

परतीची वाट सगळी उतरती व्हावी म्हणून विंचाची बैठक कापायला त्यांनी सांगितलं. मुकादम कुरकुरला, पण कापली. मग वाट मोकळी झाली. नळी कुठे वाकवायची, किती, ते ड्रमवर बसून सांगत होते आणि मी करत होतो. एकदा कामाच्या नादात मी पाना त्यांच्याकडे धरला, याच मापाचा चालेल का विचारायला. मी चार पावलं पुढे गेलोही होतो. माझ्या मनात काही वेगळं होतं की तो खरंच नाद होता, मला सांगता येत नाही. त्यांनी फडकं बांधलेला हात मांडीवरून उचलला नाही. दाढीने जमीन दाखवली. "खाले ठेव, पाटील. भांडण व्हई जाई." मी ठेवला.

नळी बसली. मी पुसायला फडकं घेतलं, तेव्हा ते म्हणाले, "बठ. डोया मिट. हात घाल."

मी त्यांच्या फळीवर बसलो. चामड्यावर एका बाजूला शंखाच्या तोंडाचा गोल उमटला होता. मी डोळे मिटले आणि हात आत सोडला.

"आते सांग."

मी सांगू लागलो. वरचा जोड. गास्केटचा कागद एका बाजूने किंचित बाहेर आलेला. ओतीव लोखंड, खरखरीत. मग नळी, गुळगुळीत, खाली जाणारी. मध्ये बारीक ओरखडा, पान्याचा, माझाच. ते एकेक विचारत होते. पोट आहे का. नाही. चढ आहे का. नाही. खालचा जोड, दोन बोल्ट, एकाचा कोपरा घासलेला. मी इतक्या बारकाईने कधी काही चाचपलं नव्हतं. माझा आवाज त्यांना ऐकू जावा म्हणून मी मोठ्याने बोलत होतो.

"सरळ शे, चाचा," मी म्हणालो आणि हात काढू लागलो.

"थांब."

मी थांबलो.

"लोखंड गार लागस का?"

मशीन रात्रभर उभं होतं. "लागस," मी म्हणालो.

"कसं?"

मी बोटं तिथेच ठेवली. मग म्हणालो की पहाटे केळीला पाणी धरायला जावं आणि पाटात हात घालावा, तसं. आधी चटका बसल्यासारखं, मग कोपरापर्यंत चढत जाणारं.

मी डोळे उघडले नाहीत.

"हां," ते म्हणाले. "तसंच लागे."